अमोघवर्ष राजावरील फिरत्या प्रदर्शनासाठी मदतीचे आवाहन

सर्व कोल्हापूरकरांना सप्रेम नमस्कार.

प्रजेवरचे संकट टळावे म्हणून एका राजाने डाव्या हाताचे बोट कापून महालक्ष्मीला वाहिले, असे इ.स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात कोरलेले आहे. तो राजा राष्ट्रकूट अमोघवर्ष. ही महालक्ष्मी म्हणजे आपली अंबाबाईच, असे अनेक अभ्यासक मानतात. तरीही गावात त्याची ओळख सांगणारा साधा फलक नाही. म्हणून आपल्या वाचनालयाने शाळाशाळांतून नेता येईल असे प्रदर्शन करायचे ठरवले आहे.

८१४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा पोरवयाचा होता. बंडखोरांनी त्याला हटवले. गुजरात शाखेतल्या चुलतभावाने, कर्काने, ८२१ च्या सुमारास त्याला परत बसवले. पुढे साठ-एक वर्षांच्या राजवटीत लढाया झाल्याच, पण आम्हाला मुलांना दाखवायची आहे ती दुसरी बाजू. महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त त्याची स्तुती केली आहे. जैन आचार्य जिनसेन त्याचे गुरू. बोट मात्र वाहिले देवीला, आणि कान्हेरीच्या बौद्ध विहाराला मिळालेल्या दानांचे शिलालेखही त्याच्याच काळातले!

त्याच्याच दरबारातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. ही ओळ वगळा, असे काहींनी सुचवले. आम्ही ती ठेवणार आहोत, तीही मोठ्या अक्षरांत. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातले मालखेड. त्यामुळे फलक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत असतील, आणि सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे: कन्नड मजकूर लिहून, तपासून देणारी माणसे हवी आहेत. शहरात कन्नड घरे पुष्कळ आहेत; निवृत्त शिक्षकांनी जरूर पुढे यावे.

शिवाय राष्ट्रकूटांवरची जुनी पुस्तके आणि मालखेडच्या किल्ल्याची छायाचित्रे हवीत. कैलास लेण्याची नकोत. ते त्याच्या पणजोबांचे, पहिल्या कृष्णाचे काम आहे, आणि ती छायाचित्रे आधीच ढीगभर जमली आहेत. फलकांच्या चौकटी बनवायला एखाद्या सुताराने हात दिला तर मोठा खर्च वाचेल. छपाईसाठी एका कुटुंबाने एका फलकाचा भार उचलावा, किंवा जमेल तेवढी देणगी द्यावी. रक्कम लहान म्हणून संकोच नको.

देणगी वाचनालयाच्या वेळेत ग्रंथपालांकडे द्यावी व पावती घ्यावी. पुस्तकांवर आपले नाव लिहून आणा, काम झाले की परत मिळतील. दिवाळीच्या सुट्टीआधी मजकूर छापायला द्यायचा आहे.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी