आधी ओहोटीला ये, मग बोटीचं बघू

प्रिय ताई,

हे पत्र तुला एकटीला पाठवता आलं असतं. पण रत्नागिरी, अलिबाग, मालवणच्या मुलींनीही ते वाचावं असं मला वाटतं. त्यांना समुद्र रोज दिसतो, आणि त्याच्याबद्दल "पाण्याकडे जाऊ नको गं" एवढंच सांगितलं जातं. म्हणून उघडपणे लिहिते आहे.

मी तुझ्याशी पहिल्यांदा बोलले ती बोटीची वेळ विचारायला, आठवतं? समुद्रजीवांच्या अभ्यासवर्गासाठी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या अ‍ॅपलडोर बेटावर येऊन मला तीन दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी सीगलने डोक्यावर टोच मारली होती. दुसऱ्या दिवशी ओल्या शेवाळावरून घसरले आणि खडकाला चिकटलेल्या बार्नेकलच्या धारदार कवचांवर तळहात सोलवटून निघाला. वर्गातल्या सगळ्यांना पोहता येत होतं आणि रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या मला येत नव्हतं. "तुझं घर समुद्रावर आहे ना?" असं कोणी विचारलं की घशात आवंढा यायचा. तिसऱ्या संध्याकाळी, तू नुकतीच बेटावर आलेली असताना, मी तुझ्यासमोर उभी राहिले आणि इंग्रजीत विचारलं, किनाऱ्यावर परत जायला बोट कधी आहे. तू माझ्या हातावरची पट्टी पाहिलीस, वहीवरचं माझं आडनाव वाचलंस आणि मराठीत म्हणालीस, "बोट उद्या दुपारी आहे. ओहोटी पहाटे आहे. आधी ओहोटीला ये, मग बोटीचं बघू."

तू समजूत घातली नाहीस, थांब असंही म्हणाली नाहीस. माझे स्पोर्ट्स शूज पाहून आत गेलीस आणि तुझे जाड तळव्याचे रबरी बूट आणलेस. ते मला मोठे होत होते, म्हणून बरोबर दोन जोड मोजेही दिलेस.

साडेचारला आपण खाली उतरलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. वाट कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, घरट्यांमधून जाते आणि जूनमध्ये पिल्लं बाहेर आलेली असतात, त्यामुळे ते थेट अंगावर येतात. तिथे दोन जातींचे कुरव घरटी करतात आणि त्यातला काळ्या पाठीचा तर जगातला सगळ्यात मोठा कुरव. तू मला एक काठी दिलीस आणि ती डोक्यावर उभी धरायला सांगितलीस, कारण तो सगळ्यात उंच टोकावर झेपावतो. मला हे पहिल्या दिवशीही सांगितलं असणार, पण भेदरलेल्या माणसाच्या कानात शिरत नाही. तू पुढे चालून दाखवलंस.

खडकावर तू मला पाऊल टाकायला शिकवलंस. शेवाळावर नाही, बार्नेकलवर पाय ठेव, तिथे बूट धरतो. वजन टाकण्याआधी चाचप. हात टेकायचा असेल तर आधी बस. मग तू एका ठिकाणी बसकण मारलीस आणि रॉकवीड या समुद्री शेवाळाची एक फांदी माझ्या मांडीवर ठेवलीस. तपकिरी, चामड्यासारखी, मध्ये मध्ये हवेचे फुगे. "मोज," म्हणालीस. मी मोजले, आठ. पहिली एकदोन वर्षं सोडली तर दर वर्षी एक फुगा येतो, असं तू सांगितलंस. आदल्या दिवशी मी पायाखाली तुडवलेली ती रॉकवीड आठ वर्षांहून मोठी होती. तिची फांदी उचलायला आणि परत जशीच्या तशी ठेवायला मी तेव्हा शिकले. खाली ओलाव्यासाठी दडलेले जीव उघडे पडू नयेत, म्हणून.

नंतर तू एक पेरिविंकल उचललास, बोराएवढा शंख, दार घट्ट लावून बसलेला. तो ओठांजवळ धरून तू गुणगुणायला लागलीस. जात्यावरच्या ओवीची चाल होती ती, माझी आजी म्हणते तीच. थोड्या वेळाने दार हललं, दोन बारीक शिंगं बाहेर आली, मग पाऊल. तिथल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरची पोरं हे करतात म्हणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तू मुद्दाम दुसरीकडे बघितलंस. त्याबद्दल वेगळे आभार.

उजाडल्यावर मी सहज म्हणाले की आज चतुर्दशी, उद्या वटपौर्णिमा, आई वडाला जाईल. तू विचारलंस, तिथी कशी लक्षात राहते? मी आजोबांचा हिशेब सांगितला. ते होडीवर जायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे साडेदहाला भरती आणि साडेचारला सुकती, म्हणजे ओहोटी. भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात सव्वापाच होते. तू जागीच थांबलीस. त्या रात्री तू मला सगळ्या वर्गासमोर तो हिशेब मांडायला लावलास आणि पुढची बाजू स्वतः समजावलीस. चंद्रामागून भरती यायला प्रत्येक बंदरात वेगळा वेळ लागतो. कोकणातला आणि तिथला वेळ जवळपास जुळतो, शिवाय उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे असतं. त्या दिवसापासून सगळे मला रोज तिथी विचारत होते.

दुपारची बोट गेली तेव्हा मी प्रयोगशाळेत बार्नेकल मोजत बसले होते. बोटीचं तू परत कधी काढलं नाहीस.

पुढचे दिवस तुला माहीतच आहेत, वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बेट जेमतेम ९५ एकरांचं, पोर्ट्समथपासून साधारण दहा किलोमीटर आत. कॉर्नेल आणि न्यू हॅम्पशायर ही दोन विद्यापीठं मिळून तिथली शोल्स मरीन लॅबोरेटरी चालवतात. १९६६ साली जॉन किंग्सबरी या वनस्पतिशास्त्रज्ञाने शेजारच्या स्टार बेटावर पहिला वर्ग घेतला. विषारी वनस्पती हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि अ‍ॅपलडोरवर अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही वाटेवाटेला. गोडं पाणी मोजकं, त्यामुळे आंघोळीचे वार ठरलेले. ते मात्र मला जड गेलं नाही. मे महिन्यात कळशीभर पाण्यात आंघोळ आणि कपडे दोन्ही उरकणारं घर आहे आमचं.

शेवटच्या आठवड्यात तू मला धक्क्याजवळ पाण्यात उतरवलंस. पाणी इतकं गार की श्वासच अडकला. तू पाठीखाली हात धरून फक्त "मान सोड, कान पाण्यात जाऊ दे" म्हणत राहिलीस. पाचव्या दिवशी हात कधी काढलास ते मला कळलं नाही.

या मे महिन्यात घरी आले होते. अमावास्येच्या सुकतीला दोन चुलत बहिणींना घेऊन मिऱ्याच्या खडपांवर गेले. प्लंबरकडून पाइपचे तुकडे आणून खडकावरचे जीव मोजायला अर्ध्या मीटरची चौकट केली होती. आजी काठावर उभी राहून आधी ओरडत होती. मग चपला काढून स्वतःच खाली आली आणि कालवं कुठल्या फटीत बसतात ते दाखवायला लागली. तिला बरंच माहीत आहे, ताई. मी एवढी वर्षं विचारलंच नव्हतं. तिने सांगितलेली नावं वेगळ्या वहीत उतरवून घेतली आहेत, तुला फोटो पाठवते.

तुझी,
मिऱ्याची मुलगी

ता. क. तुझे बूट अजून माझ्याकडेच आहेत. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवले आहेत. दिवाळीत अलिबागला आलीस तर घेऊन येते. त्याआधी बेटावर कोणी नवी मुलगी स्पोर्ट्स शूज घालून उतरणार असेल तर कळव, तिला पाठवते. मोजे मात्र दोन जोड लागतील म्हणून सांग.