तेरा राज्यांचा सैल संघ: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अमेरिकेची तेरा राज्ये, त्यांना सैल संघात बांधणाऱ्या 1781च्या करारनाम्याखाली, आपापला कारभार सुखाने पाहत होती आणि 1787मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींनी नवे संविधान लिहून त्यांच्यावर मजबूत केंद्र विनाकारण लादले, हे तुझे म्हणणे मला पटत नाही.

त्या करारनाम्यानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सामाईक सभेला, युद्ध पुकारता येत होते, तह करता येत होता, कर्जही काढता येत होते. मात्र ते फेडण्यासाठी कोणताही कर बसवता येत नव्हता. ती राज्यांकडे त्यांच्या वाट्याची रक्कम मागे, आणि राज्ये ती सवडीने, अपुरी देत किंवा देतच नसत. आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचा प्रस्ताव 1781मध्ये निघाला. पण करारनाम्यातील दुरुस्तीला सर्व राज्यांची संमती लागत असल्याने चिमुकल्या ऱ्होड आयलंडचा नकार त्याला पुरून उरला. पुढच्या प्रस्तावात न्यूयॉर्कने मोडता घातला, कारण त्याच्या बंदरात उतरणाऱ्या मालावरील जकात, शेजारच्या न्यू जर्सीत आणि कनेक्टिकटमध्ये खपणारा माल धरून, त्याच्याच तिजोरीत पडत होती. शेजाऱ्यांकडून अशी वसुली करण्याच्या मुभेला तू स्वायत्तता म्हणतोस!

परराष्ट्र व्यवहारांतही तेच झाले. स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या 1783च्या तहानंतरही ब्रिटनने डेट्रॉइट आणि नायगारा येथील ठाणी सोडली नाहीत आणि त्यासाठी सबब दिली ती राज्ये ब्रिटिश सावकारांच्या वसुलीत आणत असलेल्या अडथळ्यांची. काँग्रेसला ना राज्यांकडून तह पाळून घेता येत होता, ना ठाणी रिकामी करून घेता येत होती.

खरा दोष याहून खोल आहे आणि नव्या संविधानाचा कैवारी अलेक्झांडर हॅमिल्टन याने त्यावर नेमके बोट ठेवले. काँग्रेसचा हुकूम राज्यांना उद्देशून असे, व्यक्तींना नव्हे. एखाद्या माणसाने कायदा मोडला तर त्याला न्यायालयात उभे करता येते. एका राज्याने हुकूम धुडकावला तर तो अपमान गिळायचा किंवा त्याच्यावर सैन्य धाडायचे, याखेरीज तिसरा मार्ग उरत नाही. म्हणजे जी व्यवस्था तुला सौम्य वाटते, तिच्याकडे अंमलबजावणीचे साधन म्हणून यादवी युद्धच शिल्लक राहते.

जवळचे सरकार अधिक दयाळू असते, असेही तू लिहितोस. मग मॅसॅच्युसेट्सचे काय? तिथल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांनी 1786मध्ये डॅनियल शेजबरोबर शस्त्रे उचलली ती त्यांच्याच राज्याने लादलेल्या जबर करांमुळे. (माझी सहानुभूती त्या शेतकऱ्यांकडेच झुकते.) काँग्रेसला फौज उभारण्यापुरताही पैसा जमेना, अखेर बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून राज्याची फौज उभी राहिली. सावकारांच्या पैशावर ऋणकोंविरुद्ध पोसलेल्या फौजेपेक्षा सर्वांना उत्तरदायी असलेले केंद्र मला कमी धोक्याचे वाटते.

दूरच्या सत्तेची धास्ती मात्र मी खोटी मानत नाही. त्या धास्तीने विरोधक अडून बसले म्हणूनच 1791मध्ये नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या संविधानात आल्या. वायव्येकडील प्रदेशासाठी 1787मध्ये केलेला उत्तम कायदाही जुन्या काँग्रेसचाच, हेही कबूल. ऱ्होड आयलंड तर 1790मध्ये 34 विरुद्ध 32 मतांनी, जेमतेमच नव्या संघात आले.

तरीही केंद्राला कराचा अधिकार न देता सैनिकांचा थकलेला पगार आणि फ्रान्सचे कर्ज कशातून फेडायचे होते, एवढे पुढच्या पत्रात अवश्य लिही.

तुझा,
मित्र