खाऱ्या पाण्याची टाकी पुण्यात सुखरूप आणून देणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

ठाण्याचे घर सोडून आम्ही पुण्याला आलो, त्याला आता एक पावसाळा उलटला. क्लाउनफिशची जोडी, पिवळ्या शेपटीचा निळा डॅमसेल मासा, क्लीनर झिंगा आणि शंखांत राहणारे लहान खेकडे असे आपले सगळे रहिवासी नव्या घरात खात-पीत आहेत, आणि पाण्यातल्या अमोनिया व नायट्राइट या विषारी द्रव्यांचे दोन्ही आकडे शून्यावर टिकून आहेत. हे पत्र इतक्या उशिरा लिहिण्याचे कारणही तेच आहे. खाऱ्या पाण्याची टाकी नीट हलली की नाही, हे पोहोचल्या दिवशी कळत नाही, ते पुढच्या काही आठवड्यांत कळते, असे तुम्ही निघण्याआधीच सांगितले होते. तो काळ सरल्याची खात्री झाल्यावरच आभार मानावेत, असे मी ठरवले होते. शेजारधर्म म्हणून तुम्ही जे केलेत ते इतरांनाही कळावे आणि अशीच टाकी हलवण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांच्या ते उपयोगी पडावे, यासाठी हे पत्र मी सर्वांसमोर ठेवत आहे.

पुण्याची बदली ठरली तेव्हा ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतील बहुतेकांनी मासे देऊन टाकण्याचाच सल्ला दिला. सामान हलवणाऱ्या एका कंपनीचा माणूस तर टाकीत थोडे पाणी ठेवून, मासे आत असतानाच ती ट्रकमध्ये चढवू, असे म्हणत होता. त्या वेळी तुम्ही घरी येऊन टेप लावून टाकी मोजलीत आणि शांतपणे हिशेब मांडलात. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच म्हणजे नऊ घनफूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर. त्यातले पाव पाणी जरी आत ठेवले तरी साठ किलोंहून अधिक वजन घाटातल्या प्रत्येक वळणावर काचेवर आदळणार, आणि काचा जोडणारे सिलिकॉन असा आडवा हेलकावा सोसण्यासाठी नसते. टाकी हलवायची ती पूर्ण रिकामी, वाळूसुद्धा काढून, हे त्या क्षणी ठरले आणि आमची टाकी वाचली, असे मी आजही मानते.

पण तुमचे खरे ऋण याहून मोठे आहे. आमची सगळी काळजी माशांभोवती फिरत होती. नेमके काय हलवायचे आहे, हे तुम्ही दाखवून दिलेत. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या अन्नातून सतत अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विषारी असतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतो, आणि हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते खडकांच्या छिद्रांत आणि फिल्टरमधल्या माध्यमावर चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून मासे कितीही जपून नेले आणि खडक मात्र वाटेत वाळले किंवा गुदमरले, तर मासे सुखरूप पोहोचूनही नव्या टाकीत मरतील, हे तुम्ही आम्हाला समजावलेत. त्यानंतरची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती झाली.

ते खडकही तुमच्याच हातचे आहेत, हे इथे आवर्जून सांगायला हवे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे, त्यामुळे प्रवाळांचे तुकडे आणून टाकी सजवण्याचा विचारही करू नये, असा तुमचा पहिल्यापासून आग्रह होता. सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा यांचे खडक तुम्ही गच्चीवर ओतलेत, सिमेंटचा क्षार निघून जाईपर्यंत ते कित्येक आठवडे पाणी बदलत भिजवलेत, आणि मगच आम्हाला दिलेत. इतक्या वर्षांत त्यांच्यावर गुलाबी-जांभळे शैवाल चढले आहे आणि पाहुण्यांना ते समुद्रातूनच आणलेले वाटतात. एवढ्या काळजीने घडवलेल्या वस्तूचा जीव वाचवायलाही तुम्हीच पुढे आलात.

वाळूच्या बाबतीत तुम्ही अजिबात तडजोड केली नाहीत. ती महाग होती आणि ती टाकून देणे आमच्या जिवावर आले होते. परंतु जुन्या वाळूच्या खालच्या थरात वर्षानुवर्षांची घाण साठते, तिथे प्राणवायू पोहोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. ती वाळू ढवळून तशीच नव्या जागी ओतली तर साठलेले सगळे एकदम पाण्यात उतरते. तुम्ही वरच्या थरातली थोडीशी वाळू खाऱ्या पाण्यात खळबळून बाजूला ठेवलीत, बाकीची टाकून द्यायला लावलीत आणि नवी घ्यायला सांगितलीत. तो खर्च सार्थकी लागला.

पाण्याची तयारी आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी पुण्यातच केली, तीही तुमच्या हाताने लिहिलेल्या कागदावरून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि जुन्या नळ्यांतून तांबे उतरले तर झिंगे आणि खेकडे वाचत नाहीत, म्हणून फक्त आरओचे पाणी घ्यावे. त्यात लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम या प्रमाणात मत्स्यालयाचे मीठ घालून ते पॉवरहेडने, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाने, रात्रभर फिरवावे, रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजणाऱ्या साधनावर १.०२५ आणि थर्मामीटरवर २६ अंश आल्याशिवाय ते वापरू नये, आणि मीठ कधीही थेट टाकीत टाकू नये. मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राचेच पाणी भरून न्यावे, असे माझ्या दिरांनी सुचवले तेव्हा, त्या पाण्यात शहराचे किती सांडपाणी मिसळते हे सांगून तुम्ही तो विषय तिथेच मिटवलात. जुने पाणी निम्मे बरोबर नेले, तेही जिवाणूंसाठी नव्हे. माशांना एकदम परके पाणी लागू नये, एवढ्यासाठीच.

प्रवासाच्या दिवशी तुम्ही पहाटे आलात. माशांना आदल्या दिवसापासून उपाशी ठेवले होते, म्हणजे पिशवीत उत्सर्जन कमी होते. क्लाउनफिशची जोडी एका मोठ्या पिशवीत, डॅमसेल तिखट स्वभावाचा म्हणून वेगळा, झिंगा आणि खेकडेही स्वतंत्र, प्रत्येक पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि वर प्राणवायू, आणि सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात अंधारात, अशी व्यवस्था तुम्ही केलीत. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र एकच होता, आणि तो तुम्ही माशांना न देता खडकांच्या पिंपाला लावलात. माझ्या मुलीला ते मुळीच पटले नव्हते. तिला तुम्ही सांगितलेत की, मासे प्राणवायू भरून बसले आहेत, पण खडकांवरच्या जिवाणूंनाही श्वास लागतो आणि त्यांच्यासाठी दुसरे कुणी बोलणार नाही. ती अजून हे सर्वांना सांगते.

द्रुतगती मार्गावर घाटात वाहतूक बराच वेळ खोळंबली. मासे पाहण्यासाठी पिशवी उघडून बघू या, असे आम्हाला वाटत होते, आणि तुम्ही ठामपणे नकार दिलात. बंद पिशवीत माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, उतरतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया बहुतांशी कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. याच कारणाने, पुण्यात पोहोचल्यावर पिशव्या बंद ठेवूनच टाकीतल्या पाण्यावर तरंगवल्या, तापमान जुळल्यावर उघडल्या आणि मासे जाळीने लगेच टाकीत घेतले. पिशवीतले पाणी आत जाऊ दिले नाही. नव्या पाण्याचा खारटपणा आधीच जुळवलेला असल्यामुळे, एरवी फार नाजूक असणारा झिंगाही निभावला.

टाकी ठेवण्याची जागाही तुम्ही निघण्याआधीच विचारली होती. भरलेली टाकी, काच, खडक आणि लोखंडी स्टँड मिळून वजन ४०० किलोंच्या आसपास जाते, आणि राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरतात, म्हणून सोसायटीच्या अभियंत्यांना विचारून ती बीमवर, भिंतीला लागून ठेवावी, असे तुम्ही बजावलेत. अभियंत्यांनी दाखवलेली जागा दिवाणखान्यातल्या आमच्या मनातल्या जागेपासून दूर होती. आता मात्र संध्याकाळी सगळे तिथेच जाऊन बसतात.

नंतरच्या दिवसांत तुम्ही रोज अमोनियाच्या चाचणीचा फोटो मागवलात. पहिल्याच आठवड्यात एकदा रंग ०.२५ वर गेला तेव्हा आमचे धाबे दणाणले, आणि तुम्ही फोनवर केवळ तीन गोष्टी सांगितल्यात: खाणे बंद करा, तयार खारे पाणी घेऊन पाचवा हिस्सा बदला, आणि खडकांना हात लावू नका. दोन दिवसांत आकडा पुन्हा शून्यावर आला.

टाकी हलवली त्या रात्री जेवायलाही न थांबता तुम्ही ठाण्याला परत गेलात, आणि गाडीभाड्याचे पैसेही घेतले नाहीत. त्या वयात, त्या उकाड्यात, दुसऱ्याच्या टाकीसाठी कुणी एवढे करावे, अशी अपेक्षा करण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता. तुम्ही ते कर्तव्य असल्यासारखे केलेत. आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या वतीने मी तुमचे मनापासून आभार मानते. काकूंनी त्या दिवशी तुम्हाला पहाटेपासून रात्रीपर्यंत आमच्याकडे सोपवले, त्यांचेही आभार.

तुमचा पंप स्वच्छ धुऊन, नवे सेल घालून कुरिअरने पाठवला आहे. क्लाउनफिशने गेल्या महिन्यात खडकाच्या कपारीत, टाकीच्या तळालगतच्या बाजूला, अंडी घातली होती. नर त्यांच्यावर पंख हलवत पहारा देत असतो. पिल्ले जगवण्यासाठी त्यांना अगदी सुरुवातीला कोणते खाद्य द्यायचे, हे तुमच्याकडून नीट शिकायचे आहे. दिवाळीनंतर काकूंना घेऊन पुण्याला यावे, ही विनंती. यायची-जायची गाडी आम्ही पाठवू, आणि या वेळी तरी नाही म्हणू नका.

तुमची कृतज्ञ,
ठाण्याच्या घरची तुमची शेजारीण