तू पाठवलेली डॉक्युमेंटरी बघितली

बाळा,

तू लिंक पाठवलेली ती मोठ्या कंपन्यांवरची 'द कॉर्पोरेशन' एकदाची बघून झाली. १४५ मिनिटं आहे ती, आणि मला नऊनंतर डुलकी लागते तुला माहितीये, तीन रात्री लागल्या. फोनवरच बोलणार होते पण फोनवर तू बोलू देत नाहीस, दोन वाक्यं झाली की "आई तुला नाही कळणार ते" येतं, म्हणून टाइप करत बसलेय, एका बोटाने. चुका पोटात घाल.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? तुला वाटेल तो सायकोपॅथवाला भाग. तो चांगलाच आहे, कंपनीला कायदा माणूस मानतो ना, मग हा माणूस स्वभावाने कसा आहे ते डॉक्टर लोकांच्या यादीवर तपासून बघू, खोटं बोलणं, दुसऱ्याची पर्वा नसणं, केल्याचं वाईट न वाटणं, एकेक खूण करत जातात आणि शेवटी उत्तर येतं सायकोपॅथ. रॉबर्ट हेअर म्हणून त्या विषयातले मोठे मानसशास्त्रज्ञ पण आहेत त्यात. कल्पना भारी आहे, नाही म्हणत नाही. पण मी अडकले त्याच्या आधीच, कंपनी माणूस झाली कशी तिथेच.

तिथे ते भराभर पुढे जातात, म्हणून मी दुसऱ्या दिवशी शोधून वाचलं. १४वी घटनादुरुस्ती १८६८ ची, अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना हक्क मिळावेत म्हणून केलेली. आणि १८८६ मध्ये सँटा क्लारा काउंटी आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे अशी टॅक्सची एक केस सुप्रीम कोर्टात आली, त्यानंतर तीच दुरुस्ती कंपन्या वापरायला लागल्या. गंमत म्हणजे न्यायाधीशांनी निकालात तसं काही लिहिलेलंच नव्हतं! निकाल छापायचं काम ज्याच्याकडे होतं त्या गृहस्थाने वरच्या टिपेत लिहून टाकलं की सरन्यायाधीश सुरुवातीलाच बोलले, ही दुरुस्ती कंपन्यांना लागू होते, त्यावर आम्हाला वाद ऐकायचा नाही. झालं. ती टीप पुढे आधार म्हणून चालत राहिली. फिल्ममध्ये आकडा देतात, १८९० ते १९१० मध्ये या दुरुस्तीखाली ३०७ केसेस आल्या, त्यातल्या २८८ कंपन्यांच्या आणि १९ काळ्या लोकांच्या. मी तो आकडा दोनदा मागे घेऊन बघितला. आयुष्य कागदात गेलंय माझं, कोपऱ्यातल्या टिपेत किती जीव असतो ते मला कळतं.

बोलिव्हियाचं बघून मात्र संताप आला. कोचाबांबा शहराचं पाणी खासगी कंपनीच्या हातात दिलं, मागे बेक्टेल ही अमेरिकन कंपनी, दर इतके वाढवले की २००० साली लोक रस्त्यावर उतरले, १७ वर्षांचा एक मुलगा गोळीने गेला, आणि एप्रिलमध्ये सरकारला करार मोडावा लागला. याचा शेवट फिल्मनंतरचा आहे, कंपनीने उलट बोलिव्हियावरच करोडो डॉलरचा दावा ठोकला होता आणि २००६ मध्ये जगभरातून शिव्या खाऊन तो किरकोळ चिल्लर घेऊन मिटवला. दोन बोलिव्हियानो, म्हणजे तिथले दोन रुपयेच म्हण. तुला माहीत होतं हे? नसेल तर मित्रांना सांग, फुशारकी मारायला बरं आहे.

आता जे खरं लिहायचंय ते.

शेल या तेलकंपनीचे आधीचे चेअरमन आहेत ना त्यात, मूडी-स्टुअर्ट, त्यांच्या घरावर आंदोलक येतात, छतावर चढून खुनी म्हणून बॅनर लावतात, आणि ते नवराबायको बाहेर येऊन त्यांच्याशी गप्पा मारतात, चहा देतात, सोया मिल्क नाही म्हणून सॉरी म्हणतात. तुला ते ढोंग वाटलं असेल. मला नाही वाटलं. मला तो माणूस खरंच चांगला वाटला आणि म्हणूनच पोटात गोळा आला, कारण तिकडे नायजेरियात शेलच्या तेलामुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्ध बोलणाऱ्या केन सारो-विवांना आणि आणखी आठ जणांना लष्करी सरकारने १९९५ च्या नोव्हेंबरात फाशी दिलेली.

मागच्या वेळी भांडताना तू म्हणालास, "आई, तू अशाच एका राक्षसाकडे २६ वर्षं नोकरी केलीस." मी तेव्हा चिडले. राक्षस कुठे होता रे, आम्ही होतो. वाढदिवसाला केक कापणारे, कुणाच्या घरी आजारपण आलं की वर्गणी काढणारे. आणि याच आम्ही एका वर्षी सगळ्या छोट्या सप्लायर्सना पत्र पाठवलं की यापुढे पेमेंट ४५ ऐवजी ९० दिवसांनी होईल. वरून आलं होतं, पण पत्राखाली सही माझी, पेमेंट सेक्शन माझ्याकडे होता. एक गृहस्थ यायचे, खोके पुरवायचे आम्हाला, त्यांनी समोर बसून हात जोडले, मॅडम माझी चार माणसं आहेत, तीन महिने पगार कुठून देऊ. मी त्यांना पाणी दिलं, चहा मागवला, अगदी आपुलकीने बोलले आणि म्हटलं माझ्या हातात काही नाही हो, पॉलिसी आहे. पुढच्या वर्षी ते व्हेंडर लिस्टमध्ये नव्हते. मी विचारलं नाही का नाहीत.

सोया मिल्कवरून मला ते आठवले.

फिल्ममध्ये तो कार्पेटवाला आहे, रे अँडरसन, इंटरफेस कंपनीचा, १९९४ मध्ये एक पुस्तक वाचून हादरला आणि कंपनीच बदलायला निघाला. छान माणूस. पण कंपनी त्याने स्वतः काढलेली, माझ्यासारखीने काय फिरवायचं होतं? ९० चे ६०? हे मी निमित्त सांगतेय का ते तूच ठरव, मी बरेच दिवस ठरवतेय, जमत नाहीये.

फिल्मशी भांडणही आहे माझं, एकतर्फी आहे ती, सरकारी कारखाने कसे वागतात त्यावर जवळपास काहीच नाही, आणि कॅमेऱ्यासमोर बसून नुसती बोलणारी माणसं जरा जास्तच झाली. असो.

पण एक गोष्ट तुला बघितलीच पाहिजे. १९१९ ची डॉज विरुद्ध फोर्ड केस वाच. हेन्री फोर्ड म्हणाला गाड्या स्वस्त करतो, जास्त लोकांना काम देतो, तर डॉज बंधू शेअरहोल्डर होते ते कोर्टात गेले की हा आमचा नफा आहे, आणि मिशिगनच्या कोर्टाने फोर्डला डिव्हिडंड वाटायला लावला, कंपनी मुख्यतः शेअरहोल्डरच्या नफ्यासाठी असते म्हणून. (फोर्ड काही संत नव्हता बरं का, ते वेगळं.) तर हे वाचून मला वाटलं, हे डॉज बंधू भेटले पाहिजेत एकदा. आणि मग लक्षात आलं की रिटायरमेंटचे सगळे पैसे म्युच्युअल फंडात आहेत आणि रोज सकाळी चहाच्या आधी मी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटचा भाव, बघते, खाली आली की दिवसभर माझी चिडचिड. तुझी फी पण तिथूनच जाते, हे टोमणा म्हणून नाही लिहिलं, म्हणजे थोडं आहे.

काल फंडाची ती महिन्याची फॅक्टशीट उघडली, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे शेअर माझ्या नावाने घेतलेत त्याची यादी असते त्यात. कधी बघितलीच नव्हती एवढ्या वर्षांत. चौदा नावांपर्यंत वाचली, दोन अशी निघाली की तू ऐकलंस तर जेवायचा नाहीस. पुढची अक्षरं फार बारीक आहेत, फोनवर मोठी केली की ओळ सुटते. सुट्टीत येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, उरलेली मिळून वाचू.

आणि त्या खोकेवाल्यांचा नंबर माझ्या जुन्या डायरीत आहे.

आई