बाबांचा हात आणि आईचं ऑपरेशन

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर ऑपरेशनचा विषय काढला की आई फोन बाबांकडे देते आणि बाबा 'तिकडे पाऊस आहे का?' विचारतात. म्हणून पत्र. याला मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणता येत नाही.

आईच्या पित्ताशयात खडे आहेत हे कळून पाच महिने झाले. आधी पालखी फलटणहून पुढे जाऊ दे, मग गणपती होऊ देत, आता दिवाळी. खरं कारण परवा वहिनीकडून कळलं. आईला पोटाला भोकं पाडण्याची भीती नाही, तिला बाबांचा हात आठवतो.

२०१२ साली बाबांचं अपेंडिक्स इथेच पुण्यात काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय होतं ते मला अजून पाठ आहे: 'भूल देताना हातात आग सोडली रे. रेडिएटरचं झाकण उघडल्यावर वाफ येते ना अंगावर, तशी. फक्त आतून.' मामा हसला, म्हणाला, तीस वर्षं एसटी चालवलेला गडी सुईला भ्याला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. 'बाबा, भूल दिल्यावर कुठलं दुखतंय, स्वप्न पडलं असेल,' असंही म्हणालो. त्यानंतर तुम्ही ते माझ्यासमोर कधी काढलं नाहीत. आईला मात्र सांगत राहिलात, हे आता कळतंय.

बाबा, तुम्ही खरं बोलत होता. आणि हे मला आज नाही, कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आठ वर्षं तेच औषध रोज सकाळी सिरिंजमध्ये भरतोय आणि तुम्हाला सांगायचं मात्र टाळतोय. माफ करा.

त्या औषधाचं नाव प्रोपोफॉल. दिसायला थेट दूध. ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही आपापसात दूधच म्हणतो. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोयाबीनच्या तेलात मिसळून त्याचं दुधासारखं मिश्रण करतात, आणि तेल-पाणी वेगळं होऊ नये म्हणून त्यात अंड्याच्या बलकातला एक पदार्थ घालतात. (आई, हे वाचून लगेच गुरुवार मध्ये आणू नकोस. तारीख सोमवारची घेऊ.) ते शोधणारा इयन ग्लेन हा माणूस मुळात जनावरांचा डॉक्टर. आधी हे औषध एरंडेलापासून केलेल्या द्रावणात देऊन बघितलं, त्याची काही लोकांना जबर रिअ‍ॅक्शन आली, म्हणून मागे घेतलं. मग सोयाबीनचं तेल वापरून १९८६ मध्ये बाजारात आणलं. २०१८ मध्ये ग्लेनला लास्कर हा वैद्यकातला मोठा पुरस्कार मिळाला. औषध उत्तमच आहे. माणूस अर्ध्या मिनिटात झोपतो, उठतो तेव्हा डोकं जड नसतं, उलट्याही कमी होतात. खोड एकच, शिरेत शिरताना झोंबतं.

का झोंबतं, ते आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी एकदा चहा पिताना समजावलं. औषध बहुतेक सगळं तेलाच्या थेंबांत बसलेलं असतं, पण थोडंसं पाण्यात मोकळं फिरतं. ते फिनॉल नावाच्या झोंबणाऱ्या रसायनाच्या जातीचं, त्यामुळे शिरेच्या आतल्या अस्तराला लागलं की लगेच चरचरतं. वर दहावीस सेकंदांनी दुसरी लाट येते, कारण चिडलेल्या शिरेजवळ शरीर स्वतःच वेदना वाढवणारं रसायन तयार करतं. हाताच्या पाठीवरची शीर बारीक, तिच्यात रक्त संथ. औषध तिथे रेंगाळतं, भिंतीला घासत जातं. कोपराच्या खोबणीतली शीर रुंद, तिथे भरपूर रक्तात मिसळून ते झपकन पुढे जातं. बाबा, कात्रजच्या जुन्या घाटातली एकेरी वाट आणि बायपास, एवढाच फरक.

काहीच काळजी घेतली नाही तर दहातल्या सहा जणांना तरी दुखतं. कुणाला नुसतं झिणझिणल्यासारखं, कुणी हात हिसकावून घेतं. म्हणजे तुम्ही एकटे नव्हता, आणि भित्रे तर नव्हताच.

आता आईसाठी. यावर जगभरात इतके प्रयोग झालेत की वाचून मी थक्क झालो. २०११ मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात १७७ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, पंचवीस हजारांहून जास्त लोकांवरच्या. त्यात सगळ्यांत सरस दोन उपाय ठरले: मोठी शीर निवडणं, नाहीतर दंड आवळून आधी लिग्नोकेन देणं. लिग्नोकेन म्हणजे दाताचे डॉक्टर हिरडीत टोचतात तेच. म्हणजे दोन्हीत महागडं काही नाही.

दंड आवळायचं काम माझं असतं, म्हणून ते नीट सांगतो. सलाईन बंद करायचं. हात जरा वर धरून रक्त उतरू द्यायचं. मग दंडाला रबरी पट्टा. मॅडम सुईतून थोडं लिग्नोकेन सोडतात. आईचं वजन साठ किलो धरलं तर दोन टक्क्यांचं साधारण दीड मिली, पण डोस ठरवणार त्या, मी नाही. पट्टा मिनिटभर तसाच ठेवायचा. औषध वर निसटत नाही, त्या शिरेतच मुरतं आणि अस्तर बधिर होतं. मग पट्टा सोडायचा आणि पाठोपाठ दूध. ते एक मिनिट थिएटरमध्ये फार लांब वाटतं. सर्जन हात धुऊन उभे असतात, कुणीतरी घड्याळ बघतं. आमच्या मॅडम मात्र साठ म्हणजे साठ मोजायला लावतात. गेल्या आठवड्यात एक आजी होत्या, हात काडीसारखा. पट्टा बांधून मी मोजत होतो, त्याच मला विचारत होत्या, 'तुझं लग्न झालं का?' साठ झाले, पट्टा सोडला, मॅडमनी दूध सुरू केलं आणि विचारलं, 'आजी, गाव कुठलं?' 'नसरापूरच्या पुढं, बनेश्वराच्या...' एवढं बोलून गाढ झोपल्या. हाताची बोटंसुद्धा वाकली नाहीत. माझं लक्ष नेहमी बोटांकडे असतं. दुखलं की आधी तीच आखडतात.

घाईच्या ठिकाणी लिग्नोकेन दुधातच मिसळून देतात. तेही चालतं, फक्त आयत्या वेळी आणि बेतानं मिसळावं लागतं. जास्त झालं किंवा मिसळून ठेवून दिलं तर तेलाचे थेंब एकमेकांना चिकटू लागतात, दूध नासल्यासारखं. खोबरेलात असते तसली चरबी घातलेलं प्रोपोफॉलही मिळतं, ते कमी झोंबतं.

मग सगळ्यांनाच कोपरात सुई का नाही लावत, असं बाबा विचारतील. कारण हात वाकवला की सुई दुमडते, औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथे पटकन लक्षात येत नाही, आणि धमनी जवळच असते. मॅडम बहुधा मनगट आणि कोपर यांच्यामधली ठसठशीत शीर शोधतात. आईच्या शिरा लपणाऱ्या आहेत, रक्त तपासायला गेलो तेव्हा तीन वेळा टोचलं होतं. तेव्हा आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गुंडाळायचा, शीर वर येते. सुईचीच धास्ती असेल तर कातडी बधिर करणारं मलम मिळतं, तासभर आधी लावावं लागतं. पण ते टोचण्यापुरतं, दुधाच्या आगीला त्याचा उपयोग नाही.

आई, तू दोनच गोष्टी करायच्या. ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञ तपासतात, तेव्हा गप्प बसायचं नाही. 'माझ्या मिस्टरांचा हात फार भाजला होता, माझ्यासाठी काय करणार?' असं सरळ विचारायचं. दाताच्या इंजेक्शननं कधी त्रास झाला असेल, किंवा छातीच्या ठोक्यांचा काही त्रास असेल, तर तेही तेव्हाच सांगायचं. आणि हातातल्या बांगड्या घरीच उतरवून ये. मागे एका काकूंनी टेबलावर हिरवा चुडा काढायला नकार दिला होता. त्यांची समजूत घालण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि शेवटी सुई लागली ती बांगड्यांच्या खाली, हाताच्या पाठीवरच्या बारीक शिरेत.

तू झोपल्यावर शरीर ढिलं करायचं औषध देतात, त्यातलं एक झोपेतही झोंबतं, माणूस हात मागे ओढतो. बाबा बाहेर असतील, त्यांना ते दिसणार नाही. मी आत असेन.

पहाटेच्या गाडीनं या, स्वारगेटला घ्यायला येतो. आदल्या रात्री इथेच मुक्काम करा, म्हणजे उपाशीपोटी प्रवास नको.

बाबा, एक विचारायचं राहिलंय. तेव्हाच विचारायला हवं होतं. सुई कुठल्या हाताला होती, डाव्या की उजव्या?

तुमचा,
धाकटा