चि. मनवास, उलटतपासणीनंतर

विश्रामबाग, सांगली

चि. मनवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा मी फोन मध्येच ठेवला, ते तुला लागलं असणार. आईने रात्री दोनदा विचारलं. रेंज गेली म्हणालो. रेंज गेली नव्हती. "बाबा, अडीच तास उभा केला त्या सर्व्हेअरला, शेवटी घामाने रुमाल भिजला," असं तू म्हणालीस आणि हसलीस. त्यापुढचं मला ऐकवेना.

तुझी बाजू भक्कम आहे, हे मला कळतं. भिवंडीचं गोदाम जळालं आणि साठा फुगवून दाखवला या एका कारणावर कंपनीने अख्खा क्लेम फेटाळला. नुकसान मोजायला नेमलेला हा सर्व्हेअर गोदामात होता पाऊण तास. जळालेल्या कापडाचा हिशोब पाऊण तासात होत नाही. खरेदीची बिलं, बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंटं, ई-वे बिलं हे सगळं एकमेकांना लावून बघावं लागतं आणि राखेचा ढीगसुद्धा टेप लावून मोजावा लागतो. त्याने ते केलं नसेल तर तू विचारायलाच हवं होतंस. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने 2009 मध्येच सांगितलंय. लॉच्या दुसऱ्या वर्षाला असताना हे मीच तुला जेवायच्या टेबलावर सांगितलं होतं, आणि तू आमटी गार होईपर्यंत वाद घातला होतास.

म्हणजे प्रश्न तू विचारलेस त्याचा नाहीच. तू हसलीस त्याचा आहे.

मनू, मोठा क्लेम आला की 1938 च्या विमा कायद्याप्रमाणे सर्व्हेअर नेमावाच लागतो. फी कंपनी देते, म्हणून विमा काढलेली पार्टी त्याला कंपनीचा माणूस समजते. त्याने आकडा जरा मोठा लिहिला की कंपनीचा साहेब विचारतो, पार्टीचे पाव्हणे आहात का? 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं आणि धोक्याची पातळी आहे 45. पाणी उतरल्यावर मी सर्व्हेअर म्हणून गणपती पेठेत एका अडत्याच्या दुकानात शिरलो. हळद कुजून असा वास सुटलेला की चहासुद्धा घशाखाली जाईना, आणि त्यांनी तर शेजाऱ्याकडून दूध आणून चहा केलेला. माल कोटीचा, विमा 60 लाखांचा, नुकसान 40 लाखांचं. 40 पूर्ण मिळणार असं त्यांनी धरलेलं. पण मालाच्या किमतीपेक्षा विमा कमी, म्हणजे ॲव्हरेज क्लॉज लागला, भरपाईही त्याच प्रमाणात कमी झाली आणि हातात आले 24. मी कागदावर मांडून दाखवलं, एकदा, दोनदा. मालक गप्प बसले. त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही त्यांचेच." आकडा बरोबर होता. मी तरी काय करणार होतो? त्या दिवाळीला त्यांनी घरी हळकुंडं पाठवली. क्लेम अजून बंद झाला नव्हता म्हणून मी ती परत केली. त्याचंही त्यांना वाईट वाटलं असणार.

हे सगळं तुला का सांगतोय? तो भिवंडीचा माणूस कामचुकार असेल, विकला गेलेलाही असेल. असला तर कोर्ट बघेल. पण समोरचा कोलमडला याचं सुख वाटायला लागलं की मग त्याची गोडी लागते, मनू. मोठ्या वकिलांत मी ती पाहिलीय. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मीही उभा राहिलोय. उत्तर पाठ असूनही हात थरथरतो, याचा अर्थ माणूस खोटं बोलतोय असा नसतो. उद्या कंपनीचं वकीलपत्र घेशील, तेव्हा समोर तो अडत्या असेल किंवा त्याचा मुलगा. त्यांनाही असंच उभं करशील का?

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. आई म्हणते तसं, मी पत्र लिहायला बसतो आणि अहवाल लिहून उठतो. माफ कर.

2005 ला तू चौथीत होतीस. शाळा पुरामुळे बंद, आई आजीजवळ मिरजेला, म्हणून तुला हरिपूरला पेवांवर, हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांवर, सोबत नेलं होतं. पेव उघडलं की आधी आत कंदील सोडतात. तो विझला तर माणूस उतरवत नाहीत. तू सगळ्यांना तेच विचारत सुटलेलीस, विझला तर काय, विझला तर काय. टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या पेवाच्या तोंडाशी बसून होते, आत चिखल. तू जाऊन त्यांना तुझी पाण्याची बाटली दिलीस आणि परत येऊन मला दरडावलंस, "बाबा, यांचं नीट लिहा." तुझा एक बूट त्या चिखलात राहिला. घरी आल्यावर आईने मलाच बोलून घेतलं.

कोल्हापूरला 2025 च्या ऑगस्टपासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, सांगलीची कामंही तिकडेच जातात. हे मी लिहिणार नव्हतो. तू आहेस तिथेच राहा, तुझं चांगलं चाललंय. शनिवारी दादाचे सासरे आले होते, त्यांना मी तुझं नाव असलेला कोर्टाचा आदेश मोबाइलवर मोठा करून दाखवला. चष्मा नव्हता त्यांच्याकडे, म्हणून वाचूनही दाखवला. तीन पानं.

फक्त त्या हसण्याचं मनातून जात नाही. एवढंच.

त्याच्या जबानीची नक्कल मिळाली की पाठव. कोर्टाच्या रेकॉर्डवर आलंय तेवढंच, तुझ्या अशिलाचं खासगी काही नको. मला सॅल्व्हेजचा आकडा बघायचाय. अर्धवट जळालेल्या ताग्यांची किंमत हे लोक हमखास जास्त धरतात आणि तेवढी रक्कम नुकसानीतून वजा होते. भंगारवाल्यांची कोटेशनं अहवालाला जोडली आहेत का, आणि असली तर त्यावर तारीख कुठली, हे पुढच्या तारखेच्या आत तपास. नसली तर मला रात्री नऊनंतर फोन कर. मी जागा असतो.

तुझे,
बाबा