तारखा देण्याआधी

चि. ऋता,

अनेक आशीर्वाद.

नाटकाच्या निर्मात्यांनी दिवाळीनंतरच्या प्रयोगांच्या तारखा मागितल्यात आणि तू अजून होकार कळवला नाहीस, हे बरं केलंस. बाळंतपणानंतर पुन्हा काम सुरू कर, असंच आम्हा दोघांचं मत आहे. फक्त पंधरा-वीस दिवस पुढे ढकलता आलं तर बघ. दिवाळीनंतर लगेच म्हणजे ओजस साडेपाच महिन्यांचा, पूर्ण अंगावर पिणारा. सहावा महिना सरला, उष्टावण झालं, की एखादं पाजणं वरच्या खाण्यावर निभावतं. प्रयोगाच्या दिवशी तेवढ्याने फार फरक पडतो. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी लागतात, त्यामुळे हे आत्ताच बोलावं लागेल.

तारीख देताना कॅलेंडरपेक्षा घड्याळ समोर ठेव. ठाण्याच्या गडकरी रंगायतनला दुपारी साडेचारचा प्रयोग आहे असं धर. तिसऱ्या घंटेपासून उलटं मोजत ये. सव्वा एकला घरी पोटभर पाजायचं, पावणेदोनला निघायचं, पावणेतीनला मेकअप रूममध्ये. साडेचारला पडदा, पावणेसहाच्या सुमारास मध्यंतर, सातला शेवट, घरी यायला आठ. म्हणजे दोन पाजण्यांमध्ये पावणेसात तास गेले. छाती दगडासारखी होते, दूध साकळतं, गाठ धरते, ते याच दिवशी. खरं तर प्रयोगाचे तास अडीचच आहेत. आधीची तयारी आणि नंतरचा प्रवास कोणी मोजत नाही.

म्हणून चार वाजताची वीस मिनिटं तुझी. मेकअप झाल्यानंतर आणि वेशभूषा चढवण्याआधी दूध काढायचं. आधी काढलंस तर फार लवकर होतं, आणि नऊवारी नेसून कमरेला माइकचा ट्रान्समीटर लागला की काढताच येत नाही. दोन्ही बाजूंचा इलेक्ट्रिक पंप असेल तर वीस मिनिटांत होतं. हाताचा एका बाजूचा पंप पस्तीस-चाळीस मिनिटं खातो, तो मध्यंतरापुरता बॅगेत ठेव. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत पूर्ण रिकामं करण्याच्या फंदात पडू नकोस, ताण उतरेल एवढंच काढ. हात साबणाने धुऊन मगच पंप हाताळ, बोटांना पॅनकेकचा रंग आणि केस चिकटवायचा स्पिरिट गम असतो. ओजसला तिथेच आणलं असेल तर गळ्यापासून खाली उतरलेला रंग ओल्या कापडाने पुसून मग पाज.

काढलेलं दूध खोलीच्या साधारण तापमानाला, म्हणजे २५ अंशांपर्यंत, ४ तास टिकतं. आपल्या उन्हाळ्यातल्या मेकअप रूममध्ये एवढा भरवसा धरू नये. गोठवलेल्या बर्फाच्या पाकिटांसह थंड पिशवीत ते २४ तास राहतं, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिने. एका पिशवीत ६० ते १२० मिलि.च भर, जास्त भरलं की उरलेलं फुकट जातं, कारण बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यावं लागतं. वर थोडी जागा सोड, गोठताना दूध फुगतं. पिशवीवर तारीख-वेळ लिही आणि जुनी पिशवी आधी वापर. वितळवायचं ते रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात किंवा कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह नाही, त्यात मध्येच एखादा घोट उकळता राहतो आणि जीभ भाजते. वितळलेलं दूध फ्रिजमध्येच ठेवून २४ तासांच्या आत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

आणि ते पाजणार कशाने? वाटी-चमचा किंवा बोंडलं, रोज उकळलेलं. याची सवय शुभारंभाच्या दिवशी लागत नाही. तीन आठवडे आधीपासून दिवसातलं एक दूध दुसऱ्या कोणीतरी, आणि तू खोलीत नसताना, पाजायला हवं. तू समोर असलीस की तो बोंडल्याला तोंड लावणार नाही, तुझ्याकडेच झेपावेल. निखिलने आजपासून सुरू करावं, बाप आहे तो.

आता एक गोष्ट जी तालमीत कोणी सांगत नाही. प्रेक्षागृहात कुणाचं तरी तान्हं रडलं, की तुला पान्हा फुटेल. आपलं बाळ असायला लागत नाही, आवाज पुरतो. अशा वेळी हाताची घडी घालून दोन्ही बाजूंनी छातीवर घट्ट दाब दिला तर मिनिटभरात धार थांबते. तुझ्या पहिल्या अंकातल्या भांडणात ही घडी सहज बसते. दुसऱ्या अंकात ती जागा दिग्दर्शकाशी बोलून आत्ताच शोधून ठेव. पॅड मध्यंतरात बदलायचेच, कोरडे वाटले तरी. फिक्या रंगाच्या रेशमी ब्लाउजवर ओल लगेच दिसते. गडद किंवा छापील कापड मागून घे, एकसारखे दोन ब्लाउज शिवून घे, हुक पुढून. फार घट्ट कंचुकी तीन तास राहिली तरी गाठ होते. झालीच, तर जोरजोरात चोळू नकोस. थंड शेक दे, पाजणं चालू ठेव. ताप आला, अंग मोडून आलं आणि चोवीस तासांत उतरलं नाही, तर डॉक्टर. त्या दिवशीचा प्रयोग असला तरी.

आवाजाकडे ये. बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंचा आधार गेलेला असतो आणि नटी नकळत गळ्याने ढकलते. पहिला प्रयोग निघून जातो. दुसऱ्या दिवशी खर्ज बसतो. उताणी झोपून गुडघे वर घे, डोकं किंचित उचल आणि बेंबीच्या वर बोटं ठेवून बघ. मधली फट दोन बोटांहून रुंद लागली तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय किंचाळण्याचे, पळण्याचे प्रवेश करू नकोस. तुझं सिझेरियन आहे, म्हणून डॉक्टरांच्या तोंडून स्पष्ट होकार घे. ओरडताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब येत असतील तर लाजून पॅडवर भागवू नकोस, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम त्यासाठीच आहेत. रोज दहा मिनिटं ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉने बुडबुडे काढत सूर लाव, मग ओठ थरथरवत, मग गुणगुणत. संवाद आधी झोपून, मग बसून, मग ओजसला कडेवर घेऊन चालत म्हण. शेवटचं जमलं म्हणजे श्वास परत आला. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते आणि कोरड्या घशाने आवाज लवकर फाटतो. विंगेत पाण्याची बाटली तुझ्या प्रत्येक एक्झिटच्या बाजूला हवी, म्हणजे दोन.

झोपमोडीने पाठांतर जात नाही, क्यू घसरतात, म्हणजे समोरच्याच्या कुठल्या वाक्यावर आपण बोलायचं ते. दोन प्रवेशांत सारखं शेवटचं वाक्य असलं की मन पुढच्या पानावर उडी मारतं. संहितेत अशा जोड्या शोधून लाल पेनाने खूण कर. पुनरागमनासाठी पूर्ण संचासह तीन तालमी आणि वेशभूषेसह एक रंगीत तालीम माग. ‘तुला तर पाठच आहे’ असं म्हणून एकीवर भागवायला बघतील.

नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक पैशांवर, काम करणाऱ्या नटीला कायद्याची मातृत्व रजा सहसा मिळत नाही, हे तुला ठाऊक आहे. २०१७ पासूनचे २६ आठवडे नोकरीतल्या बायकांसाठी. म्हणून जे ठरेल ते लिहून घे. व्यवस्थापकाला व्हॉट्सअ‍ॅपवर मुद्दे पाठवून ‘ठीक’ असं उत्तर मिळवलंस तरी चालेल. आतून कडी लागणारी खोली, चार वाजताची वीस मिनिटं, पहिले दोन महिने एका दिवशी एकच प्रयोग, मुक्कामाचा दौरा नाही, आणि बदली नटी तयार. बाळाला ताप आल्यास किती वाजेपर्यंत कळवायचं, तेही. बदली नटी ठेवण्यात तुझा कमीपणा नाही. १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी गेली आणि ते रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या डोळे भरून सांगतात. सांगू देत. ती मोजपट्टी म्हणून तुझ्यापुढे कोणी धरली तर पान खायला बाहेर जा.

राहिला फोन. निर्मात्यांना रील हव्यात, कारण बुकिंग आता त्यावर हलतं. आकडा ठरव, आठवड्याला दोन. रंगीत तालमीच्या दिवशी वेश आणि प्रकाश दोन्ही तयार असतात, त्या दिवशी एका तासात आठ-दहा तुकडे काढून घे आणि महिनाभर पुरव. शेवटाचा प्रवेश नाही, आणि नाटकाचं संगीत वापरायचं तर संगीतकाराला विचारून. पहिल्या घंटेला फोन बॅगेत, बॅग निखिलकडे किंवा ड्रेसवालीकडे.

ओजसचा चेहरा टाकायचा की नाही हे तुम्ही दोघं ठरवा. आम्ही म्हणू नको. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या वतीने संमती देणारे तुम्हीच. त्याच्या नावाचं वेगळं खातं तर उघडूच नको. इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांच्या आत स्वतःचं खातं नाहीच, पालक चालवत असतील तर तसं वर लिहावं लागतं. चेहरा झाकला तरी जन्मतारीख, पाळणाघराची पाटी, खिडकीतून दिसणारा चौक यांवरून पत्ता लागतो. मेकअप रूममधला सेल्फी पाठवण्याआधी आरसा बघ: मागे कपडे बदलणारी मुलगी असते, पाळणा असतो. दौऱ्यावरचा फोटो गाव सोडल्यावर टाक. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्यात ठिकाणाची नोंद जशीच्या तशी जाऊ शकते, हे सासूबाईंनाही सांग.

बाळ झालेल्या नटीकडे जाहिराती धावत येतात. यातली एक अडचण बहुतेकींना माहीतच नसते. दुधाची बाटली आणि डब्याचं दूध यांची जाहिरात करायला किंवा तीत भाग घ्यायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं डबाबंद खाणंही त्यात आलं. पैसे न घेता, ‘आमच्या घरात हे वापरतो’ म्हणून बाटलीचं नाव दिसणारा फोटोही टाळ. बाकी तेल, कपडे, झबली यांचं काम घेतलंस तर ‘जाहिरात’ हा शब्द सुरुवातीला, ठळक, हॅशटॅगांच्या गर्दीत दडवून नाही. दिशाभूल ठरली तर २०१९च्या ग्राहक कायद्यात जाहिरात करणाऱ्या कलावंतालाही १० लाखांपर्यंत दंड आहे. फुकट आलेल्या वस्तूंची वही ठेव. एकाच कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर गेल्या तर त्यावर १० टक्के कर कापला जातो, आणि रोख काही न मिळता तो भरण्याची वेळ येते.

तुझ्या पोटावर, वजनावर लिहिणारे लिहितीलच. नको असलेले शब्द सेटिंगमध्ये भरले की तसे शेरे आपोआप लपतात. मात्र मराठी शिवी देवनागरीत एकदा आणि इंग्रजी लिपीत दोन-तीन स्पेलिंगांनी भरावी लागते, नाहीतर निसटते. ती यादी निखिलने बनवावी, तू ती वाचू नकोस. रात्रीच्या प्रयोगानंतर शेरे अजिबात उघडू नकोस. शरीर दमलेलं, मन टक्क जागं, त्या तासात एक वाक्य सकाळपर्यंत पुरतं.

आणि रडू येत राहिलं, दोन आठवड्यांच्या वर काहीच गोड लागेनासं झालं, तर ते ‘थकवा’ म्हणून ढकलू नकोस. डॉक्टरांना सांग. मध्यरात्री कोणी नसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आहे. आणि आम्ही आहोतच, पण आम्हाला सांगणं म्हणजे उपचार नव्हे.

तारखांचा कागद हातात आला की फोटो पाठव. शनिवारच्या प्रयोगांना ओजसजवळ आम्ही, असं धरून चाललोय, रविवारचं विहीणबाईंशी बोलून सांगतो. बाबा पेट्रोलचा हिशेब करत बसलेत.

तुझी,
आई

ता. क. बर्फाची निळी पाकिटं दोन आणली आहेत असं म्हणालीस. चार आण. दोन पिशवीत असतील तेव्हा दोन फ्रीझरमध्ये गोठत असायला हवीत. — बाबा